सीमा न ओलांडणारे स्थलांतर

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या शिबिरात केलेले भाषण)



दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील कित्येक वस्त्या ओस पडू लागतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात राबून फेडावयाची असते. मुक्काम फडाजवळच्या कोपीत. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. आजारपण, बाळंतपण, मासिक पाळी यांना या हिशेबात रकानाच नाही.

त्याचा परिणाम 2019 साली उघड झाला. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. त्यांतील बऱ्याचजणींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. काही डॉक्टरांच्या लोभाविषयी पुष्कळ बोलले गेले, ते योग्यच होते. पण त्या लोभाला वाट करून दिली ती खाड्याने, असे मला वाटते.

आता कायद्याकडे वळू. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर मोफत वैद्यकीय सोयीची जबाबदारी टाकली होती. मेख नावातच होती. बीडहून कर्नाटकात गेलेला कामगार त्याच्या कक्षेत येऊ शकत होता, कोल्हापूरला गेलेला नाही. कोपी मात्र दोघांची सारखीच! पुढे 2020 च्या संहितेतही ‘आंतरराज्य’ हा शब्द कायम राहिला. प्रसूतीच्या लाभाचा कायदा 1961 पासून होता. पण लाभ मागावयाचा कोणाकडे? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो आणि मुकादम कारखान्याकडे.

मग आपल्या हाती काय उरते? ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंद करून त्यांना ओळखपत्र देण्याचे शासनाने 2021 साली ठरविले. काम रुक्ष आहे. दप्तरी कामे तशी असतातच. परंतु गावातून कोण, किती मुलांसह, कोणत्या कारखान्याकडे गेले याची यादी तिकडच्या आरोग्य केंद्राला पोहोचली, तर गरोदर बाई पाचव्या महिन्यात त्यांना ठाऊक होते. नाहीतर कळा सुरू झाल्यावर. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यावयाची असते. ते नऊ महिने फडावर भरले आणि लसीकरणाचे कार्ड गावच्या कोनाड्यात राहिले, तर तिथल्या परिचारिकेने कशावरून ठरवावे?

शिक्षकबंधूंनो, हजेरीपटावरची रिकामी जागा सर्वांआधी आपल्याला दिसते. ती त्याच दिवशी ग्रामसेवकांना आणि आशाताईंना कळवावी. आणि पंचायत सदस्यांनी ही यादी दसऱ्यापूर्वीच्या सभेत वाचून घ्यावी. गाड्या भरल्यावर वाचावयास गावात कोणी नसते.