ओला ब्रश आणि उघडा डबा

दाढीचं क्रीम ट्यूबमधलं घ्यावं की डब्यातलं, हा विषय ऐकून कुणी म्हणेल, रेडिओवाल्यांना दुसरं काही सुचलं नाही का? पण आपल्या भागातल्या धावडा, वालसावंगी, पारध, आन्वा अशा गावांत पुष्कळ मंडळी दाढीला अजून सलूनमध्येच बसतात, आणि तिथल्या एका डब्यावर दिवसभरात किती गाल रंगतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. वेळ थोडा आहे, म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. सलूनमध्ये ट्यूबच हवी. घरी एकट्याचा डबा असेल तर खुशाल वापरा. पण तोच डबा बाप, लेक आणि पाहुणा असे तिघे वापरत असतील, तर त्या घराचंही सलूनच झालं असं समजा.

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालायचा नाही, हे आपल्या घरात पोराला बाराखडीच्या आधी शिकवतात. बरणी फडताळात, तोंडाला दादरा बांधलेला, आणि रोजच्यापुरतं लोणचं कोरड्या चमच्याने छोट्या सटात काढलेलं. आत मीठ आहे, वर तेलाचा थर आहे, मोहरी-हिंग आहे, तरी घरातली बाई बरणीला एवढं जपते. कारण पाणी शिरलं की बुरशी आलीच. आता दाढीचा डबा बघा. त्यात जाणारा ब्रश नुसता ओला नसतो, तो आधीच्या माणसाच्या गालावरून फिरून आलेला असतो. म्हणजे चमचा ओला, आणि वर उष्टा! असा चमचा बरणीत गेला तर घरात केवढा गहजब होईल. आणि इथे आपण मान मागे टाकून डोळे मिटून बसतो.

हे क्रीम म्हणजे काय, तर स्टिअरिक आम्ल आणि खोबरेलासारख्या तेलातली आम्लं यांचा पोटॅशवर केलेला मऊ साबण, त्यात ग्लिसरीन आणि पाणी. ते टिकावं म्हणून घातलेलं परिरक्षक द्रव्य कारखान्यातल्या मोजलेल्या पाण्याच्या हिशेबाने असतं. ब्रशबरोबर रोज थोडं थोडं पाणी आत गेलं की तो हिशेब बिघडतो. त्यात आपल्या भागातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. काळ्या खडकातून येताना ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं, साबणाचा त्यात साका होतो आणि फेस लवकर धरत नाही. मग कारागीर काय करतो? ब्रश पुन्हा भिजवतो, पुन्हा डब्यात फिरवतो. पाणी जितकं जड, तितक्या डब्यात फेऱ्या जास्त.

आता कुणी म्हणेल, अहो, साबणच तो, साबणात कसले जंतू? निम्मं खरं आहे. क्रीम अल्कधर्मी असतं, त्यात जंतू सहजी वाढत नाहीत. पण साबणाचं मुख्य काम मळ आणि जंतू सुटे करण्याचं. ते वाहून नेतं पाणी. डब्यातून काही वाहून जात नाही, आत गेलेलं आतच राहतं. मी काही डब्यातून साथ पसरते असं म्हणत नाही. मोठी भीती ब्लेडचीच. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस तग धरू शकतो, आणि दाढीत कुठे ना कुठे कातडी छिलतेच. एड्सविरोधी प्रचारानंतर आपण नवी ब्लेड मागायला शिकलो, उत्तम झालं. पण ब्लेड नवी, वस्तऱ्याची मूठ पुसलेली, आणि डबा मात्र काल-परवाचाच! केसांच्या मुळाशी येणाऱ्या पुळ्या आणि दाढीतलं गजकर्ण यांना ब्लेडसुद्धा लागत नाही. गजकर्ण तर गेल्या काही वर्षांत औषधालाही दाद देईनासं झालंय. (तुरटीचा तो एकच खडा सगळ्यांच्या गालावरून फिरतो, त्याचं तर वेगळंच रडगाणं आहे, पण ते आज नको.)

दुसरा आक्षेप जास्त खमंग आहे. ब्रश तर सगळ्यांना एकच, मग ट्यूब आणून काय साधलं? साधलं ते असं, की ब्रश धुता येतो, जंतुनाशकात बुडवता येतो, दोन-तीन ब्रश आळीपाळीने वापरता येतात. डब्यातलं क्रीम धुता येतं का? उकळता येतं का? ब्रश धुतला आणि पुन्हा त्याच डब्यात घातला, तर धुण्यावर पाणी पडलं. ट्यूबमधून बदामाएवढं क्रीम वाटीत निघालं, ते त्याच गिऱ्हाईकाचं, उरलं ते धुऊन टाकायचं. मात्र ट्यूबचं तोंड ब्रशला टेकवायचं नाही. ॲल्युमिनियमची ट्यूब दाबली की दबून राहते. प्लॅस्टिकची परत फुगते आणि तोंडाशी असेल ते आत ओढते. चित्रकारांचा रंग उघडल्यावर वाळू नये म्हणून जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. माल बाहेर यावा, बाहेरचं आत जाऊ नये, एवढाच तिचा गुण, आणि आपल्याला नेमका तोच हवा आहे.

राहिला पैशाचा मुद्दा. मोठा डबा ग्रॅममागे स्वस्त पडू शकतो, नाकारत नाही. वेष्टनावर वजन असतं, आता ग्रॅममागची किंमतही छापायची असते, ती ताडून बघा. पण डब्यात ब्रश किती क्रीम उचलतो याला माप नाही, ट्यूबला आहे. आणि ज्या सलूनवाल्या दादांना डबाच परवडतो, त्यांनी बरणीचा नियम पाळावा: कोरडा चमचा, रोजच्यापुरतं वेगळ्या वाटीत, झाकण बंद, आणि ब्रश डब्यात कधीच नाही. मग माझी डब्याबद्दल तक्रार नाही. रिकाम्या ट्यूबांचा प्रश्न राहतो; ॲल्युमिनियमची भंगारवाला घेतो, थराथरांच्या प्लॅस्टिकची घेत नाही, त्याला उपाय म्हणजे… पण घंटा झाली.

पुन्हा एकदा सांगतो. पुढच्या वेळी खुर्चीत बसाल तेव्हा नव्या ब्लेडबरोबर हेही म्हणा, “दादा, ब्रश डब्यात घालू नका, क्रीम वाटीत काढा.”