चित्रातली बाई आणि चित्र काढणारी बाई

(वाशीम येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या शिबिरांत हुंडा, जमीन, दारू, मारहाण यांवर बोलणं होतं. मग अमूर्त चित्रकलेवर भाषण कशाला? ज्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, नुसत्या रेघा, त्याचा बायांच्या प्रश्नाशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून तोच धरून बोलते.

नसरीन मोहम्मदी ही चित्रकर्ती १९३७ साली कराचीत जन्मली आणि मुंबईत वाढली. १९५४ ते ५७ या काळात ती लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिकली. तिच्या सुरुवातीच्या चित्रांत फांद्या, पानं, किनारा ओळखू येतो. शाईचे ओले फटकारे असायचे. साठच्या दशकात हे ओळखू येणारं एकेक करून गळत गेलं. आधी झाड गेलं, फांदीचा कल उरला. मग फांदीही गेली, नुसता कल उरला. सत्तरच्या दशकात राहिल्या फक्त रेघा. कागद, पेन, पेन्सिल आणि पट्टी एवढ्यावर काम. कधी त्या मागावरच्या ताण्यासारख्या शेजारी शेजारी, तर कधी दाट होत होत विरळ होणाऱ्या. ऐंशीच्या दशकात त्या तिरक्या झाल्या, मोकळ्या कागदावर तरंगू लागल्या. चित्रांना ती नावं देत नसे, बहुतेकांवर तारीखही नाही.

याचा अर्थ तिने जगाकडे पाठ फिरवली असा नाही. तिने काढलेले फोटो पाहिले की कळतं, ती किती बारकाईने बघत होती. समुद्राची कड, रस्त्यावरचे पट्टे, फरसबंदी, मागावरचे धागे. हे फोटो तिने हयातीत प्रदर्शनात मांडले नाहीत. १९७२पासून ती बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवत होती. पुढे मज्जासंस्थेच्या आजारामुळे शरीराच्या हालचालींवरचा ताबा सुटत गेला. तरी कागदावरची रेघ ढळली नाही. १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला ती वारली. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आधुनिक कलेसाठी नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्याच प्रदर्शनांमध्ये एक तिच्या कामाचं होतं.

आता अडचणीचा मुद्दा. ती रेघा ओढत होती तो काळ आठवा. १९७२ साली आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, मथुरा प्रकरण घडलं. १९७९ला सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. १९८०मध्ये बाया देशभर रस्त्यावर उतरल्या. आपली पोस्टर्स त्या लाटेतून आली. त्यांत बाई होती, तिची मूठ होती, तिचा चेहरा होता. तो हवाच होता. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत आपण चित्रांतून पोचलो. मग त्या दिवसांत एक बाई पट्टी घेऊन रेघा ओढते, हे कसं बघायचं?

मी असं विचारते. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. आधी माणसं काढत, पुढे रंगाच्या थरांशिवाय काहीच ठेवलं नाही. अंबादास खोब्रागडे १९२२ साली अकोल्यात जन्मले. १९९८पर्यंत वाशीमही अकोला जिल्ह्यातच होतं, म्हणजे हा आपल्याच जिल्ह्याचा माणूस. तोही अमूर्ताकडे वळला, पुढे नॉर्वेत स्थायिक झाला. या दोघांना कुणी विचारलं का, की तुमच्या चित्रात पुरुषांचे प्रश्न कुठे आहेत? नाही. पुरुषाने आकृती सोडली की तो शोध ठरतो. बाईने सोडली की तिने बायांना सोडलं! आपण हा हिशेब का मान्य करायचा? बाईने चोवीस तास बाई म्हणूनच बोलावं, हीसुद्धा एक सक्तीच आहे. शिवाय शेकडो वर्षं चित्रात बाई बसवली गेली ती बहुतेक बघितली जाण्यासाठी. नसरीनच्या कागदावर बघायला बाई नाही. तिथे बघणारी बाई आहे. तिने हे ठरवून केलं असा माझा दावा नाही, पण आपल्याला त्यातून घेण्यासारखं आहे.

आणि दारं सगळ्यांना सारखी उघडी नव्हती, हेही विसरू नका. अंबादास ज्या ‘ग्रुप १८९०’मध्ये होते, त्याचं प्रदर्शन १९६३ साली दिल्लीत झालं. बारा कलावंत, त्यांत एकही बाई नाही.

आता आपल्या पायाखाली बघू. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. तिथल्या यात्रेत तांड्यांवरच्या जुन्या बायांच्या अंगावरचा फेटिया, कांचळी नीट पाहा. चौकोन, त्रिकोण, आरसे, कवड्या. त्यात माणूस नाही, झाड नाही. दारातली ठिपक्यांची रांगोळी घ्या, जुन्या लुगड्यांची गोधडी घ्या. कुठला तुकडा कशाशेजारी, टाका किती दाट, हे बाईच ठरवते. नसरीनची रेघ आणि तांड्यावरचा टाका एकच आहेत असं मी म्हणणार नाही. एकीने परंपरा मोडून एकटीने वाट काढली, दुसरीने आजीकडून आलेलं हातात घेऊन पुढे नेलं. पण एकाला कला आणि दुसऱ्याला ‘बायकांचा उद्योग’ म्हणायचं, यात फरक कामाचा कमी आणि करणारीच्या जागेचा जास्त आहे. कागद, स्वतःची खोली, कामाचा पगार आणि कुणी हाक मारणार नाही असे चार तास. हे ज्या बाईकडे असतं, तिची रेघ भिंतीवर लागते. बाकीच्यांची अंथरुणात झिजते, उंबऱ्यावर पुसली जाते.

म्हणून दोन कामं सुचवते. पहिलं, गावात जाल तेव्हा गोधडी, भरतकाम नुसतं ‘छान आहे’ म्हणून ठेवून देऊ नका. कुणी केलं, किती दिवस लागले, नमुना कुणाकडून आला, हे विचारा आणि तिच्या नावासकट वहीत लिहा. विकायला नेलं तर नाव बरोबर गेलं पाहिजे आणि दिवसांचा हिशेब किमतीत आला पाहिजे. दुसरं, आपल्यातली एखादी पोरगी पोस्टर काढता काढता उद्या म्हणाली, मला आता चेहरा नको, नुसती रेघ काढायची आहे, तर तिला चळवळ सोडली म्हणू नका. तिला कागद द्या. आणि तिच्या वाटचं पाणी भरायला त्या दिवशी दुसरं कुणी जाईल, एवढं बघा.