साहसकथेतील नायकाचे प्रौढत्व

तरुण नायक संकटातून सुटला म्हणजे साहसकथेचा वाचक निःश्वास टाकतो. परंतु तेवढ्याने नायक प्रौढ होत नाही. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी रोमांचक प्रसंगांपलीकडील शिवराय पाहावयास शिकविले. कोवळ्या वयात गड घेऊ लागलेल्या महाराजांचे १६६५ साली पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले. पुढील वर्षी आग्र्यास कैद घडली. तेथून निसटून आल्यावर त्यांनी उतावीळपणे तलवार उपसली नाही. आधी राज्याची घडी बसविली, मगच १६७० साली गेलेले गड घेण्यास आरंभ केला. १६८० साली महाराज निवर्तले, तरी त्यांचे लोक औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, २७ वर्षे, झुंजले. नायकाचे प्रौढत्व जोखावयाचे ते त्याच्या सुटकेवरून नव्हे. त्याच्या पश्चात कोण उभे राहिले, यावरून.