काळ्या कातळाची शिखरे आणि आपण



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत डोंगर चढण्याचा विषय कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर काचीगुड्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीत आहे.

हा प्रवास आपल्यापैकी बहुतेकांनी अनेकदा केला असेल. कुणाचे आजोळ परभणीला, कुणाचे व्याही जालन्याला. दिवसाची गाडी असेल तर हैदराबाद सुटल्यावर दोन्ही बाजूंना गोलसर, करडे-गुलाबी धोंडे दिसतात. एकावर एक असे रचलेले, की आता पडतील की मग, असे वाटावे. बासरला गोदावरी ओलांडून नांदेड जवळ आले की हे धोंडे मागे पडतात. माती काळी होते. पुढे डोंगर दिसतात ते सपाट माथ्याचे, आणि त्यांच्या अंगावर आडव्या रेघा असतात. मराठवाडा आणि हे शहर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते, तेव्हा या दोन दगडांच्या मधली वेस आपल्या घराण्यांनी पिढ्यान्पिढ्या ओलांडली आहे. पण ती वेस आहे, हे आपल्या फारसे ध्यानात येत नाही.

आपल्या शहराचा दगड ग्रॅनाइटचा. तो जमिनीच्या पोटात खोलवर, अतिशय सावकाश थंड झाला. त्याचे वय सुमारे २५० कोटी वर्षे. वरची जमीन झिजून गेल्यावर तो उघडा पडला आणि ऊन-पावसाने त्याच्या कडा गोल केल्या. मौला अलीचा डोंगर आणि गोवळकोंडा हे त्याचेच. पलीकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. त्याचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे, म्हणजे ग्रॅनाइटच्या मानाने कालचे पोर. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून तप्त रस वर आला आणि पातळ पिठासारखा चहूकडे पसरला. तो निवला, त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर हे थर उरले आहेत आणि सह्याद्रीकडे त्यांची जाडी २००० मीटरांच्या घरात जाते. दोन थरांच्या मध्ये कित्येकदा भाजक्या विटेसारख्या लाल मातीचा पट्टा दिसतो. वर काही काळ शांतता होती, तेवढ्यात माती तयार झाली आणि पुढच्या रसाने ती भाजली, असे तो पट्टा सांगतो. या खडकांना भूगर्भशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द स्वीडिश भाषेतला, आणि त्याचा अर्थ जिना.

यातून एक गोष्ट निघते, ती चढणाऱ्याने पहिल्याच दिवशी मनाशी धरावी. हा सगळा मुलूख ज्वालामुखीचा आहे, पण यातले एकही शिखर ज्वालामुखी नाही. कळसूबाई असो की साल्हेर, ती खालून उसळून वर आलेली नाहीत. एकेकाळी जमीनच तेवढ्या उंचीवर होती. पाण्याने आजूबाजूचे सारे कापून नेले आणि जे टिकले त्याला आपण शिखर म्हणतो. शिखरावर उभे राहणे म्हणजे जुन्या जमिनीच्या उरलेल्या तुकड्यावर उभे राहणे.

आता चढणीविषयी. ग्रॅनाइटच्या टेकडीवर माणूस एका दमात, पावलांच्या पकडीवर चढतो. काळ्या पाषाणाचा डोंगर टप्प्याटप्प्याने चढावा लागतो. टणक थराचा होतो कडा, मऊ थराचा होतो उतार, आणि दोहोंच्या मध्ये सपाटी. या सपाट्यांमुळेच आपले किल्ले झाले. वरच्या सपाटीवर बालेकिल्ला, खालच्या सपाटीवर माची, आणि निसर्गाने तासलेल्या कड्याला तटाची गरज नाही. आपल्या भाषेने तर या डोंगराला शरीर आणि वस्त्र दोन्ही दिले आहे. खाली उतरलेली धार ती सोंड. कड्याखालची झाडीभरली सपाटी तो पदर. डोंगराला आरपार पडलेले भोक ते नेढे, म्हणजे सुईचे. शिवाय घळ, नाळ, खिंड, सुळका, कातळ, घसारा. शहरात वाढलेल्या आपल्या नातवंडांपाशी यातला एखाददुसरा शब्द असेल. कोशातून ते शिकवता येत नाहीत. पदरातल्या झाडीत घामाघूम होऊन सावलीला बसले, की ‘पदर’ शब्द पुन्हा समजवावा लागत नाही. साहित्यसंस्थेचा या विषयाशी संबंध आहे तो इथे. गो. नी. दांडेकर किल्ल्यांवर आयुष्यभर पायी हिंडले. ‘माचीवरला बुधा’ची राजमाची त्यांच्या पायांखालून गेली होती, म्हणून ती कागदावर उतरली.

अंबरपेठेतून निघणाऱ्याने कोणत्या क्रमाने चढावे, ते सांगतो.

पहिली पायरी विकाराबादजवळची अनंतगिरी. शहरापासून दोनेक तासांवर. माथ्यावर जांभा, खाली काळा पाषाण. दख्खनच्या त्या अफाट थराची एक पूर्वेकडची कड तिथवर आली आहे. चढ अगदी सोपा, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमेल असा.

दुसरी पायरी देवगिरी. तिच्या तळाचा कडा माणसांनी छिन्नीने उभा तासून काढला आहे. खंदक, मग काळोखी अंधारी, मग पायऱ्या. वर जनार्दनस्वामींचे स्थान आहे, ज्यांच्यापाशी एकनाथ शिकले. खाली चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह कैदेत होता. १६७७ मध्ये याच तानाशाहाने भागानगरात शिवाजी महाराजांचे स्वागत केले होते. दहा वर्षांनी गोवळकोंडा पडला आणि ग्रॅनाइटच्या गडाचा धनी काळ्या पाषाणाच्या गडावर बंदिवान झाला. हैदराबादकराने देवगिरी चढताना हे आठवावे.

तिसरी पायरी मनमाडच्या अलीकडची अंकाई-टंकाई. हे जोडकिल्ले रेल्वेतून दिसतात, आणि आपण दरवेळी सामान आवरण्याच्या गडबडीत त्यांच्याकडे पाठ फिरवतो. टंकाईच्या पोटात जैन लेणी, अंकाईच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचे स्थान, दोहोंच्या मध्ये खिंड. मुलांना घेऊन अर्ध्या दिवसात होणारा हा चढ आहे.

आणि चौथी पायरी कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट निघते. आधी शेताचे बांध, मग सोंड, मग कातळटप्पे. अवघड कातळांवर लोखंडी शिड्या आहेत. बेताने चढणाऱ्याला तीन-चार तास पुरतात. माथ्यावर देवीचे छोटे देऊळ. तिथे पोचल्यावर आधी दर्शन घ्यावे, पाणी प्यावे, आणि मग चारी दिशा पाहाव्यात. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे तीन बलदंड गड. दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी, त्यामागे रतनगड आणि हरिश्चंद्रगडाचा पसारा. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला त्र्यंबकचा ब्रह्मगिरी.

इथे थोडे थांबा, कारण या देखाव्यात आपले घर आहे.

समोरच्या रतनगडावर प्रवरा उगम पावते. ती भंडारदऱ्याला अडते, अकोले-संगमनेरवरून नेवाशाला येते. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती हिच्याच काठी. पुढे ती गोदावरीला मिळते. गोदावरी उत्तरेकडच्या त्या ब्रह्मगिरीवरून निघालेली. मग पैठण, नांदेड, बासर, आणि तेलंगण. तिथे यल्लमपल्लीहून गोदावरीचे पाणी नळांनी हैदराबादला येते. कृष्णेचे पाणी नागार्जुनसागरातून येते, तिचा उगम महाबळेश्वरच्या काळ्या पाषाणात. मांजरेचे पाणी सिंगूरहून येते, तिचा उगम बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात. आणि १९०८च्या महापुरानंतर जिच्यावर उस्मानसागर बांधला ती आपली मुशी निघते अनंतगिरीतून. हिशेब मांडून पाहा. ग्रॅनाइटवर वसलेले हे शहर आजवर काळ्या पाषाणावरून उतरलेल्या पाण्यावर जगले आहे.

सह्याद्री म्हणजे पुण्या-मुंबईकरांचा डोंगर, आपण तिथे पाहुणे, असे आपल्यातले अनेकजण मनातून मानतात. इतक्या पिढ्या इथे काढल्यावर ते स्वाभाविकही आहे. पण नदीच्या खालच्या काठावर राहणारा उगमाला परका कसा? आणि ज्याला उगम आपला वाटतो, त्याला वाहत्या नदीचीही जबाबदारी घ्यावी लागते. अनंतगिरीच्या झाडीतून निघणारी मुशी आणि अंबरपेठेला लागून वाहणारी मुशी एकदा एकाच आठवड्यात पाहा. नाकाला पदर न लावता आपण तिच्या काठी किती वेळ उभे राहू शकतो? शंभर किलोमीटरांच्या आत पाण्याचे आपण काय केले, हे त्या दोन भेटींत समजते. मुलांना ते भाषणातून सांगू नका, दोन्ही ठिकाणी घेऊन जा.

निघण्यापूर्वी चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी भर पावसाळा टाळावा. शेवाळलेला कातळ अनुभवी माणसालाही पाडतो. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरपासून थंडी सरेपर्यंतचा काळ उत्तम. सुरुवातीला सोनकीच्या फुलांनी पठारे पिवळी झालेली असतात. गावातला वाटाड्या घ्या आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. जेवण पायथ्याच्या घरी सांगा; नाचणीची भाकरी आणि पिठले मिळाले तर दुसरे काही मागू नका. कड्यावर आग्या मोहोळ असेल तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा वर्ज्य. किल्ल्यांवरच्या टाक्यांत हातपाय धुऊ नका. कातळात खोदलेली ती टाकी पुढच्या आठ महिन्यांचे पाणी साठवतात. अंधार पडण्याआधी पायथा गाठा. आणि ज्यांना चढणे शक्य नाही, त्या ज्येष्ठांनी पायथ्याच्या गावापर्यंत तरी जरूर यावे. वर गेलेली मुले उतरून आली, की पाहिलेले सांगायला त्यांना कुणीतरी आपले माणूस लागते, आणि ते मराठीत सांगायला लावणारे लागते.

माझी सूचना साधी आहे. या वर्षी प्रत्येक घराने एक डोंगर चढावा. अनंतगिरीपासून आरंभ केला तरी चालेल. उतरताना तिथल्या ओढ्याला ओंजळ लावा आणि घरातल्या धाकट्याला विचारा, हे पाणी कुठे जाते? त्याने ‘आपल्या अंबरपेठेला’ असे उत्तर दिले, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले.