डोक्यास लागलेला मार

इंदापूर तालुक्यांत शिक्षक असतांना, कबड्डींत डोकें आपटलेल्या एका मुलास मीं पाणी पाजून पुन्हां मैदानांत धाडलें. सायंकाळीं त्यास उलट्या सुरू झाल्या. पुढें तो बरा झाला. माझी चूक मात्र मजजवळ राहिली.

टेंगूळ न येतांहि मेंदू कवटींत हादरूं शकतो. अमेरिकेंतील ४२,००० हून अधिक मुलांच्या, २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानें, सरसकट सीटी स्कॅन नको, लक्षणें पारखावीं, असें दाखविलें. शुद्ध हरपणें, वारंवार उलटी, असंबद्ध बोलणें, वाढती डोकेदुखी दिसतांच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बारामतीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे.

त्रास सौम्य असला तरी त्या दिवशीं खेळ बंद, आणि एक-दोन दिवस विसावा. हरलेला डाव पुन्हां मांडतां येतो.