मोठ्या बशींतील लहान घांस

माझा धाकटा मुलगा मुंबईस एका मोठ्या हॉटेलच्या मुदपाकखान्यांत नोकरीस आहे. त्यानें हा व्यवसाय पत्करला, तेव्हां पुढें चार वर्षें मी त्याच्याशीं धड बोललों नाहीं. शिक्षकाच्या मुलानें चुलीपुढें उभें राहावें, हें मला रुचलें नव्हतें. मी तरी कोण मोठा लागून गेलों होतों? मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेंत छत्तीस वर्षें खडू झिजविला, इतकेंच.

गेल्या वर्षीं त्यानें आम्हां उभयतांस आपल्या हॉटेलांत जेवावयास बोलाविलें. तो स्वतः आंत कामावर होता. आमच्यापुढें परातीएवढी पांढरी बशी आली. तिच्या मधोमध भाजलेल्या बिटाच्या तीन चकत्या, वर दह्याचा एक ठिपका आणि दोन कोवळीं पानें. दोन घांसांत तें सर्व संपवून मीं वाढप्यास विचारलें, “जेवण केव्हां सुरू होणार?” हिनें माझा सदरा ओढला. अशा नऊ बशा आल्या. पैसे मुलानें आधींच भरले होते. पण आंकडा माझ्या दृष्टीस पडला. माझें निम्मे निवृत्तिवेतन त्यांत गेलें असतें! रात्रीं एक वाजतां मुलगा खोलीवर परतला, तेव्हां मी वरणभात खात बसलों होतों. तो कांहीं बोलला नाहीं.

त्या मुकेपणामुळें मीं या विषयावर मिळेल तें वाचलें. पूर्वीं फ्रान्समध्यें मेजवानीचे अनेक पदार्थ एकदमच मेजावर मांडून ठेवीत. डोळे निवत, पण अन्नही निवे. एकोणिसाव्या शतकांत एकामागून एक गरम पदार्थ वाढण्याची रशियन रीत तेथें रूढ झाली. पुढें १९७३ सालीं गो आणि मियो या दोन टीकाकारांनीं नव्या पाककलेचा पुकारा केला. पिठानें दाट केलेले जड रस टाकावे, जिन्नस ताजा असावा, फार शिजवूं नये, असें त्यांचें म्हणणें. रोआन गांवच्या त्र्वाग्रो बंधूंसारख्या आचाऱ्यांनीं बशी मुदपाकखान्यांतच मांडून बाहेर पाठविण्याचा प्रघात पाडला. किती वाढावें हें ठरविण्याचा अधिकार अशा रीतीनें वाढप्याच्या पळींतून आचाऱ्याच्या चिमट्यांत गेला. स्पेनमधील एल् बुयी हें भोजनगृह २०११ सालीं बंद झालें. तेथें एका बैठकीस तीसांहून अधिक पदार्थ येत. तीस वाट्या भरून कोण खाईल? पदार्थ वाढले, कीं प्रमाण घटावयाचेंच. हें चौथीच्या मुलाचें गणित आहे.

जिभेचाही यांत हात आहे. १९८१ सालीं रोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रयोगानें दाखविलें, कीं जो पदार्थ आपण खात असतों त्याची गोडी लवकर उतरते; न खाल्लेल्या पदार्थाची तितकी उतरत नाहीं. पोट तुडुंब भरल्यावरही श्रीखंडास जागा होते, ती यामुळेंच. गोडी उतरण्यापूर्वीं बशी उचलावी, ही त्या आचाऱ्यांची युक्ति.

आणि आपण तरी हें कोठें जाणत नाहीं? आपल्या पानाची डावी बाजू पाहा. मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचें. वाटीभर चटणी कोणी मागतो काय? तेथें बोटभर पदार्थाची किंमत आपणांस कळते. उजव्या बाजूस मात्र आग्रह, आणि जिलब्यांच्या पैजा! त्या हॉटेलवाल्यांनीं सगळें पानच डावीकडे सरकविलें आहे, झालें.

किमतीचा प्रश्न मात्र इतक्यानें सुटत नाहीं. बीट स्वस्त आहे. महाग आहेत ते हात. तीं दोन कोवळीं पानें निवडण्यास माझा मुलगा दुपारीं एक वाजतां बसतो, हें मला मागाहून कळलें. जागेचें भाडें आहे, झुंबरें आहेत, आणि कित्येक गिऱ्हाइकांना तर बिलाचा आंकडा हाच मुख्य पदार्थ वाटतो. त्यांच्याविषयीं मला बोलावयाचें नाहीं. मला खटकतें तें निराळेंच. हातांची म्हणून घेतलेली किंमत हातांपर्यंत पोंचतेच असें नाहीं. कोपनहेगनच्या नोमा या जगद्विख्यात भोजनगृहांत उमेदवारांस २०२२ पर्यंत वेतन मिळत नसे. माझ्या मुलास वेतन मिळतें. पण महिन्याच्या त्या पगारांत आम्हां दोघांस जेवूं घातलें तसलें जेवण तीनदांच देतां येईल. त्यांतलें एक त्यानें आमच्यावर खर्च केलें होतें, आणि मी वरणभात खात होतों.

या दिवाळींत तो घरीं आला. मीं होऊन त्याला तो बिटाचा पदार्थ करावयास सांगितला. त्यानें तीनच चकत्या माझ्या पानांत, डाव्या बाजूस वाढल्या. या वेळीं मीं चार घांस केले.

“नाना, कसें काय?” त्यानें विचारलें.

“मीठ किंचित् कमी आहे,” मीं म्हटलें.

त्यानें माझ्याच पानांतलें मीठ चिमटीनें उचलून उरलेल्या चकतीवर भुरभुरविलें. मग हिनें वरणभात वाढला.