मुदत आणि पारख



एम.डी. वा एम.एस. व्हावयाचे म्हणजे तीन वर्षे निवासी म्हणून राबावयाचे, हा शिरस्ता आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, ही तीन वर्षे नेमकी कशाचे माप आहेत हे सहसा कोणी विचारीत नाही. ती हजेरीचे माप खचित आहेत. कसबाचे असतीलच असे नाही.

वस्तुतः या पद्धतीच्या उगमापाशी मुदतीची एवढी मातब्बरी नव्हती. १८८९ साली उघडलेल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी जो क्रम बसविला, त्याच्या पहिल्या पायरीला काळ मुक्रर नव्हता; उमेदवार तयार झाला असे गुरूच्या मनाने घेतले म्हणजे तो वर चढे, आणि शेवटच्या पायरीवर मोजकेच पोहोचत. जिथे एकाची मर्जी हाच कायदा, तिथे गुणाइतकीच खुशामतही पिकते, हे मी विसरलेलो नाही. परंतु पारख करणे हे गुरूचे काम आहे, एवढे तरी त्यात गृहीत होते.

आमच्या वेळी ते काम लॉगबुकाकडे गेले होते. परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही चौघे वसतिगृहाच्या खोलीत तीन वर्षांच्या नोंदी निरनिराळ्या पेनांनी भरीत बसलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी एकही पान न वाचता त्यांवर सह्या झाल्या. हृदयाभोवतीचे पाणी सुईने काढल्याच्या चार नोंदी माझ्या नावावर होत्या. प्रत्यक्षात मी ते एकदा, दुसऱ्याच्या खांद्यावरून, पाहिले होते. पुढे एका जिल्ह्याच्या गावी मध्यरात्री ते एकट्याने करण्याची पाळी आली, तेव्हा रुग्ण वाचला याचे श्रेय मी आजही त्याच्या नशिबाच्या खात्यावर लिहितो.

ही पारख पुन्हा गुरूकडे सोपविण्याचा मार्गही आहे : कॅनडाच्या रॉयल कॉलेजने २०१७ पासून टप्प्याटप्प्याने जी रचना अमलात आणली, तीत शिक्षणक्रमाचे विभाग वर्षांपेक्षा सोपविण्याजोग्या कामांनी पडतात : हे काम निवासी गुरू समोर उभे असता करील, हे ते शेजारच्या खोलीत असता, आणि हे ते घरी झोपलेले असता. आपल्याकडेही अभ्यासक्रम आता क्षमतेच्या भाषेत लिहिला जातो. मला भय आहे ते क्षमतांच्या लांबलचक याद्यांचे. ओपीडी उसळलेली असता त्या भरावयाच्या म्हणजे पुन्हा बारनिशीच. माझी तजवीज साधी आहे : यादी निम्मी करावी, आणि अध्यापकाच्या वेळापत्रकात आठवड्याचे चार तास केवळ निवाशाचे काम पाहण्यासाठी राखावेत, त्या तासांत त्याने सुरीला हात लावू नये.

एका बदलाचे मात्र मी निःसंकोच स्वागत करतो. २०२० च्या नियमदुरुस्तीने निवाशास तीन महिने जिल्हा रुग्णालयात धाडण्याची व्यवस्था केली. आज पदव्युत्तर वैद्यकाची सनद घेणाऱ्या तुमच्यापैकी कित्येकांना ती तडीपारी वाटली, प्रबंध अडला, हे मी जाणतो. पण इथे, अध्यापन रुग्णालयात, एका प्रश्नाला पाच विभागांचे मत हुकमी मिळते. तिथे रुग्ण पुढे पाठवावा की ठेवावा, गाडीत तो तग धरील काय, हे ठरविताना तुमच्या मताचे वजन तुम्हांस प्रथमच जाणवते. मी ज्या थोड्यांशी बोललो, त्यांना परतल्यावर तिथे काय ठरविले हे कोणी पुसले नव्हते. परतलेल्या निवाशाचा पहिला सोमवार त्यासाठी राखून ठेवावयास काय हरकत आहे?

तुमच्यातील काही जण लवकरच सीनियर रेसिडेंट म्हणून रुजू व्हाल, आणि वर्षाअखेर एखादी प्रथम वर्षाची मुलगी लॉगबुक घेऊन तुमच्या टेबलाशी उभी राहील. पेन खिशातच राहू द्या. एका नोंदीवर बोट ठेवून ‘ही केस सांग’ एवढे म्हणा, आणि ती सांगेतो बसा.